मलकापूरच्या पुढं

तिसऱ्या खेपेलाही गाडीनं मलकापूरलाच मान टाकली.

गाड्या बिघडतात, त्याचं काही नाही. धडधाकट माणूस बिघडतो, तिथं लोखंडाचं काय घेऊन बसलात! पण बिघडायलासुद्धा काही धरबंध असावा की नसावा? एखाद्या वेळी उंब्रजला बिघडावं, एखाद्या वेळी कऱ्हाडात बिघडावं. ही बया दर खेपेला कोयनेचा पूल बिनतक्रार ओलांडायची, मलकापूरची घरं दिसायला लागली की घरघरायची, नाकातोंडातून वाफा सोडायची आणि रस्त्याकडेच्या त्याच चिंचेखाली जाऊन उभी राहायची. त्या चिंचेखालचा नारळवालासुद्धा आता ओळखीचा झाला होता. गाडी दिसली की तो आधीच दोन शहाळी सोलायला घ्यायचा.

"झालं का परत?" मागच्या सीटवरून राजमती म्हणाली.

"तापली, वैनीसाब," ड्रायव्हर ज्ञानू खाली उतरत म्हणाला. "काटा पार टोकाला गेला. आन् गिअरबी घसरतोय. इंजिन वरडतंय नुसतं, चाकाला जोरच लागंना."

राजमतीला सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही सगळ्यांचीच रीत. आणि एकदा आठवा लागला की पोटुशीनं वेस ओलांडायची नाही, हा तिच्या साताऱ्याच्या सासरचा दंडक. म्हणजे हातात उरले होते मोजके दिवस. एवढ्या दिवसांत वारणाकाठचं माहेर गाठलं तर गाठलं, नाहीतर मग लेकरू हातात घेऊनच बापाचं तोंड बघायचं. आई तिच्या लहानपणीच गेलेली. घरात एक काकू होती, पण माहेर म्हणावं ते बापामुळंच. बाळगोंडा पाटील त्याचं नाव, आणि राजमतीचे ते आप्पा.

शेजारी सासू बसली होती, आक्काताई. सुनेच्या पाठीला उशी लावत ती म्हणाली, "नशिबातच न्हाई बघ. चल, घोटभर शहाळ्याचं पाणी पी आन् फिरू माघारी. जिवापरीस का माहेर हाय?"

राजमती शहाळं प्यायली नाही. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. कुणाचा, तेच तिला कळत नव्हतं. लोखंडाचा राग धरून काय करणार, त्याला ना लाज ना शरम.

आता ही गाडी म्हणजे काही ऐरीगैरी नव्हे. लढाई सुरू झाली, पेट्रोलला कूपन आलं, आणि साताऱ्यातल्या भल्याभल्यांच्या मोटारी विटांवर चढून बसल्या. कुणी मोटार कोळशाच्या गॅसवर चालवायला तिच्या पाठीला भट्टी बांधली. राजमतीचा नवरा धनपाल गूळ-शेंगांचा व्यापारी, गडी हुशार. त्यानं कुण्या सरदाराच्या तबेल्यात धूळ खात पडलेली जुनी जर्मन डिझेल मोटार उचलली. पंपाच्या इंजिनात घालतात तसलं क्रूड तेल पिऊन चालायची ती. आवाज असा, की बायका म्हणायच्या, शेठची गिरणी आली. मिसरच्या वाळवंटात लष्कराच्या लॉऱ्या हाकून, पायाला गोळी खाऊन परत आलेला कुंडलचा ज्ञानू तिला सांभाळायचा. दुसऱ्या कुणाचं ती ऐकायचीच नाही.

पाणी ओतून, तासभर निववून गाडी माघारी फिरली. कऱ्हाड गेलं, उंब्रज गेलं. राजमती डोळे मिटून बसली होती. आक्काताईला वाटलं, झोपली बिचारी.

झोपली कसली! ती इंजिन ऐकत होती.

वारणेच्या काठावर आप्पांचं पाण्याचं इंजिन होतं. पंचक्रोशीत पहिलं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत उसाला पाणी पाजत ते दिवसरात्र हपहप करायचं, आणि लहानगी राजमती त्याच्या चौथऱ्यावर बसून भाकरी खायची. आप्पा म्हणायचे, "पोरी, इंजिन बोलतंय. आधी ऐकायचं. मग हात लावून बघायचं. मग तोंड उघडायचं. लोकं उलटं करत्यात, म्हणून फसत्यात." पट्टा चाकावरून घसरायला लागला की इंजिन कसं हलकं होऊन उधळतं, भार आला की कसं खोल जातं, हे तिला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं. गावातल्या म्हाताऱ्या नाकं मुरडायच्या, पोरीची जात आणि तेलात हात! आप्पा त्यांना म्हणायचे, "मग तुमी या. हात घाला." की गप्प.

तर ही राजमती डोळे मिटून ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठी पडली.

इंजिनाचा आवाज खोल होता. भार घेत होतं, आणि गाडी ओढत होतं. घसरण नाही, उधळणं नाही. काटासुद्धा मधोमध उभा होता. तिनं डोळे उघडून बाहेर बघितलं. नागठाण्याचा चढ चालला होता. तिला चटकन आठवलं, कृष्णा माहुलीकडून कऱ्हाडाकडं वाहते. पाणी काही चढावर वाहत नाही. म्हणजे साताऱ्याहून जाताना उतार आणि परतताना चढ. मग ही गाडी उताराला तापते आणि चढाला गार राहते? कसलं दुखणं म्हणायचं हे! धनपाल हिच्यातूनच पुण्याला जातो, खंबाटकीचा घाट चढून. तिथं कधी ताप आला नाही. ताप येतो तो फक्त माहेरच्या रस्त्याला.

दुखणं गाडीला नव्हतंच. दुखणं कुणीतरी आणत होतं.

घरी आल्यावर ती कुणाला काही बोलली नाही. ऐकून झालं होतं, पण अजून हात लावायचा होता.

आता तिला घरातलं एकेक नव्यानं दिसायला लागलं. दिवाळीच्या आधीपासून घरात तिचं जरा जास्तच कोडकौतुक चाललं होतं. आक्काताई मुळात तापट बाई, ताटात मीठ कमी पडलं तरी भांडं आपटणारी. ती आता सुनेच्या केसांना स्वतः तेल लावत होती. धनपाल सांगलीच्या बाजाराला जाऊन आला की माहेरचा गूळ म्हणून ढेप आणायचा आणि म्हणायचा, "आप्पा झकास हायत. लावणीच्या गडबडीत हायत, म्हणून येणं जमंना." एवढं बोलून तो जो दुकानात जायचा, तो जेवायलाच परत. बायकोच्या डोळ्याला डोळा म्हणून द्यायचा नाही. माडीच्या खिडकीतून तिनं एकदा मिस्त्रीलाही बघितलं होतं. भाऊसो मिस्त्री गाडीखालून बाहेर आला आणि मोठ्यानं म्हणाला, "शेठ, काय धाड भरलीय हिला? ठणठणीत हाय की!" तेव्हा धनपालनं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं होतं. त्या वेळी तिला वाटलं होतं, मिस्त्री अडाणी असेल.

अडाणी मीच, ती मनात म्हणाली. मला कोंडलंय ह्यांनी. दाराला कडी नाही, खिडकीला गज नाहीत, आणि तरी कोंडलंय. गोडीगुलाबीनं, उशा लावून, शहाळी पाजून.

पण का? ते काही केल्या तिला उमगेना. वंशाचा दिवा आपल्याच घरात जन्माला यावा म्हणून? का आप्पांशी काही बिनसलं आणि मला कळू देत नाहीत? ती रात्ररात्र ह्या कुशीवरून त्या कुशीवर व्हायची, आणि पोटातलं पोर लाथा मारायचं. त्याला तरी कुठं बाहेर पडता येत होतं!

चार दिवस गेले, आणि तिनं जेवणाचं ताट बाजूला सारलं. "एकडाव शेवटचं न्या. ह्या खेपंला न्हाई पोचले, तर मी पुन्ना नाव काढणार न्हाई."

धनपाल लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की तिला त्याची दया आली आणि चीडही आली.

पौषातली सकाळ. साताऱ्याची थंडी म्हणजे हाडात शिरणारी. असल्या थंडीत डिझेलचं इंजिन लवकर तापावं म्हणून ज्ञानू गाडीच्या तोंडावर गोणपाट टाकून ठेवायचा आणि निघताना काढायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्ञानू परसात भाकरी खायला बसला, तशी राजमती शाल लपेटून अंगणात आली आणि गाडीपुढं उभी राहिली. वरचं गोणपाट तिनं उचललं. त्याच्या मागं पत्र्याची जाळी. जाळीच्या फटीतून तिनं आत बोटं घातली, आणि बोटांना लागलं दुसरं गोणपाट! चांगलं घडी घालून जाळीच्या आणि पाण्याच्या टाकीच्या मध्ये बसवलेलं. म्हणजे वरचं काढायचं जगाला दाखवून, आणि आतलं मलकापूरपर्यंत तसंच ठेवून माघारी फिरताना हळूच उपसायचं. वाऱ्याची वाटच बंद केली, तर इंजिन तापेल नाहीतर काय करेल!

तिनं बाजूनं हात घालून ते ओढून काढलं. हात काळा झाला, एक बांगडी वाढली. गोणपाट तिनं शालीखाली घेतलं आणि गाडीत जाऊन बसली. ह्या वेळी उजवीकडं न बसता डावीकडं बसली, म्हणजे पुढच्या दोन सीटांच्या फटीतून ज्ञानूचे पाय तिरपे दिसत होते.

आक्काताई आली, हाश्श करून बसली. गाडी निघाली.

कऱ्हाडापर्यंत सगळं सुरळीत. ज्ञानू अधूनमधून काट्याकडं बघत होता. काटा मधोमध. उंब्रजला त्यानं बघितलं, काटा मधोमध. कऱ्हाड मागं पडलं तसं त्यानं काट्यावरच्या काचेवर बोटानं टिचकी मारली. काटा आपला हलायला तयार नाही. गड्याच्या मानेवर त्या थंडीत घाम आला. राजमतीला हसू यायला लागलं, पण ते तिनं दाबलं.

कोयनेचा पूल गेला. मलकापूरची घरं दिसली. आणि ज्ञानूचा डावा पाय हळूच क्लचवर गेला. पुरता नाही, अर्धा. इंजिन एकदम हलकं होऊन उधळलं आणि गाडी मंदावली.

"अगं बया," आक्काताई म्हणाली, "परत घसरायलाच लागली की."

"ज्ञानूभाऊ," राजमती म्हणाली, "डावा पाय उचला."

ज्ञानूची मान ताठ झाली. पाय तिथंच राहिला.

"उचला म्हणते न्हवं! पट्टा तुमी घसरवताय. आन् काट्याची वाट बघू नका, त्यो चढायचा न्हाई." शालीखालचं गोणपाट काढून तिनं पुढच्या सीटवर भिरकावलं. "हे तुमचंच हाय न्हवं? घ्या ठेवून."

ज्ञानूनं पाय उचलला. इंजिन खोल गेलं, गाडीनं ओढ घेतली. चिंच आली आणि मागं गेली. नारळवाला हातात कोयता धरून नुसताच बघत राहिला.

"गाडी फिरव, ज्ञानू!" आक्काताई ओरडली.

"फिरवलीसा तर मी हितंच उडी टाकंन," राजमती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "काय वाईट केलं हुतं मी तुमचं, आत्याबाई? बापाला भेटायचं म्हणलं तर येवढी थेरं? गोणपाटं कोंबताय, मिस्त्रीला दटावताय, गूळ आणून दावताय! जनावराला दावणीला बांधत्यात, पर त्याला निदान सांगत तरी न्हाईत, की तू मोकळं हायस म्हणून!"

ज्ञानू आरशातून म्हातारीकडं बघत होता, हुकमाची वाट बघत. आक्काताईनं पदर तोंडाला लावला आणि खिडकीकडं वळून म्हणाली, "घे म्होरं. जाऊ दे. माझ्यानं बी आता हुईना."

झालं. गाडी सुटली. कासेगाव गेलं, पेठ गेलं. राजमती जिंकली होती. तिला वाटलं, खिडकीतून हात काढून ओरडावं. इस्लामपूर येईपर्यंत तिचा राग निम्मा उतरला, आणि ती एकटीच बडबडायला लागली. आप्पांना सांगणार मी, म्हणाली, की जर्मनाची गाडी असली तर काय झालं, शेवटी इंजिनच ते. आप्पा हसून हसून लोळतील. ज्ञानूभाऊ, तुमाला कान धरून उभं करतील बघा, आणि मग जेवायला वाढतील. ज्ञानू हसला नाही. आक्काताई खिडकीबाहेरच बघत राहिली. आष्टा आलं, तशी राजमतीची बडबड आपोआप कमी झाली. दुतर्फा ऊस उभा होता. आष्ट्याच्या पुढं उजव्या हाताला वारणेकडं जाणारा कच्चा रस्ता लागला. ज्ञानूनं न विचारताच तिकडं वळण घेतलं.

"तुमाला कसा ठाव रस्ता?" राजमतीनं विचारलं. "तुमी तर ह्या गाडीतनं हिकडं कधी आला न्हाईसा."

ज्ञानूनं गिअर बदलला.

ओढ्यावरचा फरशीचा पूल आला. इथून गाव अजून कोसभर. पण इथून आप्पांचं इंजिन ऐकू यायचं. लग्न झाल्यापासून दर खेपेला ती इथं बैलगाडी थांबवायला लावायची, कान द्यायची आणि म्हणायची, आलं माझं घर. उसाच्या हंगामात ते इंजिन बंद म्हणून पडायचं नाही. क्वचित बंद पडलंच, तर शेजारच्या गावचे लोक येऊन विचारायचे, पाटील बरे हायत न्हवं?

"हितं थांबवा," ती म्हणाली. "बंद करा गाडी."

ज्ञानूनं गाडी बंद केली.

ती ऐकत राहिली. लांब कुणाच्या तरी मोटेचं चाक कुरकुरत होतं. उसात साळुंक्या भांडत होत्या. गाडीचं तापलेलं लोखंड निवताना टकटक करत होतं. तेवढंच होतं. पौषाचा महिना, उभ्या उसाला पाणी हवं, आणि वारणेकडून काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं.

राजमतीनं हात पुढं केला आणि आक्काताईचा हात धरला. तो थंडगार होता.

मग तिनं तोंड उघडलं.

"कवा?"

आक्काताई हमसून हमसून रडायला लागली. "दिवाळीच्या आधी," ती म्हणाली. "झोपंतच गेलं. काय भोगलं न्हाई, राजे. धनपाल न् ज्ञानू हुते मातीला. घरात ठरलं, तू बाळंत हुईस्तवर झाकायचं. पोटुशीला असलं सांगू नये म्हणत्यात. माझ्या थोरल्या लेकीला सांगितलं हुतं, दीर गेल्यालं, आन् तिचं पोर पोटातच गेलं. म्या हातानं पुरलंय गं ते. परत मला तसलं बघायचं न्हवतं."

राजमती ऐकत होती. दिवाळीच्या आधी. तेव्हा आक्काताईनं तिला तीन दिवस बस्तीत, म्हणजे जैन देवळात, दर्शनाला जाऊ दिलं नव्हतं. पायऱ्यांवर शेवाळ आलंय, घसरशील, म्हणाली होती. देव्हाऱ्याला हात लावू दिला नव्हता, तू आराम कर म्हणून. आणि मग डोक्यावरून न्हायला घातलं होतं. किती जपतात मला, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं. लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीन दिवसांचं.

"म्हंजे सुतक पाळलं मी," ती म्हणाली. "माझ्याकडनं पाळून घेतलंसा. आन् मला ठाव न्हाई. आत्याबाई, माझा बाप गेला, आन् मी तवा हसत करंज्या लाटत हुते."

आक्काताईनं तिला छातीशी धरलं. राजमतीनं धरू दिलं. ओरडून आकांत करावा, म्हातारीला ढकलावं, असं तिला वाटत होतं, पण मधे पोट होतं. तिनं एक हात पोटावर ठेवला. पोर हललं, आणि मग तिला रडू आलं.

बऱ्याच वेळानं ज्ञानू पुढं बघतच बोलला. "वैनीसाब, मला माफी करा. फिरवू का गाडी?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. गोणपाटाची काजळी गालाला लागली.

"इंजिन तवापासनं बंदच हाय?" तिनं विचारलं.

"व्हय. कुणाला जमंना चालवाया."

"म्हंजे पाणी आत तसंच सडत असंल. गंज चढला असंल. ते आज काढाया पायजे." ती जरा थांबली. "घ्या म्होरं."

ज्ञानूनं इंजिनातली डिझेल पेटवायची तार तापवली, गाडी चालू केली, गिअर टाकला आणि गाडी फरशीवर घेतली. डावा पाय त्यानं क्लचपासून पार लांब, सीटखाली मागं ओढून ठेवला. गाव येईपर्यंत तो पाय तिथंच होता.